न उमटलेली होडी

कॉलेजात असताना दूध पावडरच्या डब्याला सुईने भोक पाडून आणि आत फोटोचा कागद लावून मी कॅमेरा केला आणि नवापूर या मच्छीमार गावाच्या किनाऱ्यावर ठेवला. बोंबील वाळवायच्या बांबूंपुढे एक बाई हातातली बांगडी फिरवत येरझाऱ्या घालत होती. रात्री वारा सुटला होता आणि तिच्या नवऱ्याची होडी अजून परतली नव्हती. नजर समुद्रावरच ठेवून तिने विचारलं, "भाऊ, याच्यात काय दिसंल?"

"स्थिर असेल ते. चित्र यायला बराच वेळ लागतो, म्हणून हलणारं उमटत नाही."

"मंग आमची होडी नको उमटू दे. ती हालती रावली पायजे."

घरी फोटोचा कागद धुतला. वाळू आली, बांबू आले. बाई येरझाऱ्यांत पुसून गेली होती. अजूनही तो कागद उजेडात धरून मी होडी शोधतो, आणि दिसली नाही की बरं वाटतं.