माईक चालू राहिला तेव्हा

माझी मुलगी बारावीनंतर पुण्याला शिकायला गेली, तेव्हा तिचा कॉम्प्युटर बुलढाण्याच्या घरी राहिला आणि त्याच्यासोबत माझ्या गळ्यात एक काम पडलं. ती एक ऑनलाइन गेम खेळायची. त्या गेमच्या दुनियेत हजारो माणसं एकाच वेळी वावरतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. त्याला घेऊन डोंगर-जंगलं पालथी घालायची, लढायचं, शिकायचं, मोठं व्हायचं. रोज नुसती हजेरी लावली तरी पात्राला काहीतरी मिळायचं आणि होस्टेलवर नेट धड नव्हतं.

"आई, रोज एकदा लॉगिन कर, ते पिवळं बटण दाब आणि बंद कर. बाकी कशाला हात लावू नको," तिने फोनवर बजावलं.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. हजेरी घेण्याची सवय वीस वर्षांची. पंधरा-वीस दिवस मी इमानाने बटण दाबलं. मग एका दुपारी वाटलं, ही बया एवढं तास न् तास बघत काय बसायची? म्हणून तिच्या पात्राला जरा चालवून बघितलं. ते भिंतीला धडकलं, नाल्यात पडलं, शेवटी एका टेकडीवर चढलं. खाली निळंशार तळं होतं आणि काठाने कुणीतरी अनोळखी माणूस पांढऱ्या घोड्यावरून चालला होता. जाता जाता त्याने थांबून मला वाकून नमस्कार केला. खरा माणूस, कुठेतरी आपल्या घरी बसलेला. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

मुलीचं पात्र बिघडू नये म्हणून मी माझं वेगळं पात्र केलं. दोन-तीन महिन्यांत मुलगी गेम विसरून गेली. मी मात्र रुतले.

मी हीलर झाले. म्हणजे लढणारी नव्हे, लढणाऱ्यांच्या जखमा भरून काढणारी. पाच जणांची टोळी गुहेत उतरते. सगळ्यांत पुढे असतो तो टँक. तो राक्षसाचे घाव स्वतःच्या ढालीवर घेतो. तिघं मारतात. आणि मागे उभी राहून हीलर पाचही जणांचा जीव सांभाळते. पडद्यावर पाच हिरव्या पट्ट्या असतात. कुणाची पट्टी किती उतरली, पुढचा घाव किती सेकंदांनी येणार, माझी ताकद तोवर पुरणार का, हे सगळं गणितच होतं. पण वर्गात फळ्यावर मांडतो तसलं नाही. हे गणित चुकलं तर माणूस मरायचा आणि कानात चौघं एकदम "अरेरे!" म्हणायचे. जमलं की वय दहा वर्षांनी उतरलेलं असायचं.

आमची टोळी दीड-दोन वर्षांत पक्की झाली. रविवारी दुपारी दोन ते चार. नाव-गाव विचारायचं नाही, असा टोळीचा नियम होता. तो मुळात मीच घातला होता. पुण्याची एक नोकरी करणारी मुलगी, नागपूरचे एक बँकवाले गृहस्थ, कोल्हापूरकडचा एक दुकानदार, मी आणि आमचा टँक. त्याला आम्ही 'भाऊ' म्हणायचो. भाऊचा आवाज पन्नाशीचा होता आणि बोली अस्सल वऱ्हाडी. "अबे, मांगं सरका, मले मारू द्या," असं तो ओरडला की पुण्याची मुलगी हसून हसून खेळ विसरायची. मीही हसायचे. माहेरी मी तशीच बोलते हे मात्र कधी सांगितलं नाही. कानाला हेडफोन लागला की मी कॉलेजातल्या फळ्यापुढचं छापील मराठी बोलायचे.

भीती होती. पंचेचाळिशीची मास्तरीण बाई अनोळखी पुरुषांबरोबर गेम खेळते, हे कॉलेजात कळलं तर? घरी तर मी सांगून ठेवलं होतं की रविवारी पेपर तपासते. एकदा मिस्टरांनी विचारलंसुद्धा, "तुमच्या कॉलेजात परीक्षा संपतच नाही का?" मी म्हटलं, चाचण्या फार असतात.

सोयाबीन कापणीचे दिवस होते. त्या रविवारी मिस्टर एका साखरपुड्याला बीबी गावाला गेले होते. खाली सासूबाई निवडणं घेऊन बसल्या होत्या. मी वरच्या खोलीत दार लावून बसले. आम्ही बरेच आठवडे एकाच राक्षसाशी झुंजत होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो हरणार अशी चिन्हं होती. भाऊ नेहमीपेक्षा कमी बोलत होता. मध्येच त्याने भलतीच दिशा धरली.

"भाऊ, डावीकडे," मी म्हटलं.

"हाव... डावीकडंच हो..." त्याची जीभ जड झाली होती. "अंगाले लय घाम सुटून राह्यला, ताई."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काहीतरी धाडकन पडलं, आणि एक स्टीलचं भांडं फरशीवर घरंगळत गेलं. पडद्यावर भाऊचं पात्र ढाल खाली करून नुसतंच उभं राहिलं. राक्षसाने आधी त्याला, मग आम्हा चौघांना लोळवलं. हरल्याचं कुणालाच काही वाटलं नाही. आम्ही चौघं ओरडत होतो, "भाऊ! भाऊ, ऐकू येतंय का?" त्याचा माईक चालूच होता. पंख्याची घरघर आणि मधूनच घशातून आल्यासारखा एक आवाज, एवढंच ऐकू येत होतं.

"कुठे राहतात ते? कुणाला माहितीय?" पुण्याची मुलगी रडायच्या बेताला आली होती.

कुणालाच माहीत नव्हतं. माझाच नियम. एवढंच ठाऊक होतं की महिन्यापूर्वी त्याचा पाय मोडला होता, प्लास्टर होतं, आणि घरचे सगळे शेतावर गेले की तो एकटा असायचा. बोलीवरून तो आमच्याच भागातला, एवढं मी ओळखलं होतं. पण आमच्या भागात गावं का थोडी आहेत?

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबला. लांबून भोंगा ऐकू येऊ लागला. दवंडीची गाडी असावी. ती जवळ येत गेली तशी शब्द लागू लागले. जनावरांना लस टोचायची आहे, सकाळी आठला शाळेजवळ घेऊन यावीत, आणि सुरुवातीलाच, स्पष्ट, "उंद्रीच्या समस्त गावकऱ्यांना कळवण्यात येते की..."

उंद्री. चिखलीहून खामगावच्या रस्त्याला. सासूबाईंची धाकटी बहीण तिथे दिलेली आहे.

सांगायला लाज वाटते, पण खुर्चीतून उठायला मला एक क्षण लागला. खाली जाऊन मी काय सांगणार होते? कोण हा माणूस? तुला कसा माहीत? तेवढ्यात हेडफोनमधून पुन्हा तो घशातला आवाज आला आणि मी जिन्यावरून धावत सुटले.

"आई, उंद्रीच्या मावशींना फोन लावा. लवकर. तिथे एक माणूस घरात एकटा बेशुद्ध पडलाय."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "कोन मानूस? तुले कसं माईत?"

"मी त्याच्याबरोबर गेम खेळते. कॉम्प्युटरवर. दोन वर्षं झाली. पेपर-बिपर काही तपासत नाही मी. आई, नंतर रागवा, आधी फोन लावा."

त्यांनी पदराला हात पुसले, फोन लावला आणि माझ्यामागे जिना चढता चढताच बोलायला लागल्या. बहात्तर वर्षांचे गुडघे, एरवी त्या महिना-महिना वर येत नाहीत.

"हालो, मी बोलून राह्यली. आयक, तुह्या गावात पाय मोडलेला, कॉम्प्युटरवर बसणारा मानूस कोन आहे वं?"

गावात अशा माणसाचं नाव सांगावं लागत नाही. मावशी पलीकडून लगेच म्हणाल्या, "तो तं आमच्या मांगच्या गल्लीत राह्यते. काऊन, काय झालं?"

"तो पडला घरात. दवाखान्यातल्या सिस्टरले घे अन् पय लवकर!"

मी हेडफोनची वायर उपसून काढली, म्हणजे आवाज खोलीभर येईल. आम्ही दोघी त्या कॉम्प्युटरसमोर उभ्या राहिलो. बाकी तिघांना मी टाइप करून एवढंच कळवलं, "माणूस पाठवलाय." सासूबाईंनी माझा दंड धरून ठेवला होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील. पंखा घरघरत होता.

मग दार धडधडलं. कडी नसावी, ते उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक बाई ओरडली, "भाऊ! ओ भाऊ! अरे देवा, हा तं निपचित पडला!"

"हे तं माहीच बहीण!" सासूबाई कॉम्प्युटरकडे बोट दाखवत किंचाळल्या.

मावशी साखर मागत होत्या, त्याच्या तोंडात घालायला. सिस्टरचा तरुण, ठाम आवाज म्हणाला, "नका घालू मावशी, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर करा त्यांना. शुगर आहे ना ह्यांना? गोळ्या घेतल्या अन् जेवले नाही, हे बघा ताट तसंच झाकलेलं." सुया-बाटल्यांची खुडबुड झाली. "शीर सापडली. ग्लुकोज चाललंय."

मी त्या दुनियेत कितीतरी वेळा रिकामी पट्टी बोटाच्या एका दाबाने भरली होती. इथे माझ्या हातात काहीच नव्हतं. नुसतं ऐकायचं होतं.

आणि मग, घोगरा, चिडलेला, पण भाऊचाच आवाज: "हे काय टोचून राह्यले बे?"

पुण्याच्या मुलीने हंबरडा फोडला. नागपूरचे बँकवाले "जिंकलो, जिंकलो!" म्हणून ओरडायला लागले. मी खाली फरशीवरच बसले. रडू येत होतं आणि त्याच वेळी सगळं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं हलकं वाटत होतं. सासूबाई शेजारी टेकल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "झालं वं माय, झालं. वाचला तो."

भाऊला चिखलीच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं आणि घरी सोडलं. गोळी घेऊन जेवायचं तो खेळाच्या नादात विसरला होता. सिस्टर म्हणाली, अजून तासभर कुणी आलं नसतं तर अवघड होतं.

संध्याकाळी मिस्टर बीबीहून आले. मी सांगायच्या आधीच सासूबाईंनी त्यांना सगळं सांगून टाकलं, मधल्या आवाजांच्या नकलांसकट. मी मान खाली घातली.

"म्हणजे इतकी वर्षं तू पेपर तपासतेस म्हणून मी टीव्हीचा आवाज बारीक ठेवून क्रिकेट बघतोय?" ते म्हणाले. तेवढीच काय ती तक्रार. मग त्यांनी विचारलं, "राक्षसाचं काय झालं?"

"आम्ही सगळे मेलो," मी म्हटलं. त्यावर आम्ही तिघंही हसलो आणि मला कळलं की मी उगाच इतके दिवस कशाला तरी घाबरून होते. मुलीला फोन केला, तर ती आधी काळजीने आणि मग हेव्याने ओरडली, "आई, तुझी लेव्हल किती आहे?" मी सांगितली. तिने ती मला दोनदा सांगायला लावली.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी सासू-सुना चिखलीवरून बस बदलून उंद्रीला गेलो. भाऊ ओसरीत प्लास्टरचा पाय पाटावर ठेवून बसला होता. मी कल्पना केली होती त्याहून बारीक, पांढऱ्या मिशांचा, डोळ्यांना जाड चष्मा. ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा तो हाच, हे पटायला जरा वेळ लागला. त्याच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले आणि काही बोलायच्या आधीच रडायला लागली. मग रडणं आवरून तिने नवऱ्याला माझ्यासमोरच झापलं. "दोन घास खाऊन खेळले असते तं काय राक्षस पळून जात होता?"

भाऊ गुन्हेगारासारखा हसला. "बसा ताई. तरास झाला तुम्हाले."

"तरास कायचा? मी तं लय घाबरली होती," मी म्हटलं. तोंडातून आपोआप गेलं.

त्याने चष्मा वर केला. "म्हंजे तुम्ही बी आपल्याकडच्याच? दोन वर्षं पुस्तकातल्यासारखं बोलून आम्हाले येडं बनवलं का वं बाई?"

मावशीही आल्या, सिस्टरही दवाखान्यातून सुटून पाच मिनिटं डोकावून गेली. तिला पाहून भाऊने उठायचा प्रयत्न केला. तिने हातानेच बसवलं आणि जेवणाच्या वेळांचा कागद पुन्हा एकदा भिंतीवर नीट चिकटवला, थेट कॉम्प्युटरच्या वर. भाऊच्या बायकोने वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली. सासूबाई आणि मावशी मागच्या अंगणात जुन्या गोष्टी काढून बसल्या. चारची बस होती, ती आम्ही सोडली. पाचचीही सोडली.

आम्ही निघालो तेव्हा भाऊने मला कॉम्प्युटर दाखवला. त्याने नवी ढाल मिळवली होती. "झोपून झोपून काय करू?" तो म्हणाला. बायकोने दारातून डोळे वटारले. तसं त्याने पडदा बंद केला, बाजूची डबी उघडली आणि आम्हाला दाखवून शेंगदाण्याच्या लाडवाचा एक मोठा घास घेतला.