सातव्या पिढीपाशी अडलेली ज्वारी

सत्यशीला रोज पिंगळीहून सकाळच्या गाडीनं परभणीला यायची आणि एका बियाणे संशोधन केंद्रातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरपुढं बसायची. काम ज्वारीच्या वाणांची वंशावळ काढायचं: या वाणाची आई कोण, बाप कोण, त्यांचे आईबाप कोण. त्यासाठी तिनं पुण्याच्या शिबिरात शिकलेली कॉम्प्युटरची एक भाषा धरली होती, फंक्शनांची, म्हणजे दिलेल्या माहितीवरून उत्तर काढणाऱ्या सूत्रांची. त्या भाषेत मशीनला एकामागून एक हुकूम सोडायचे नसतात. एका फंक्शनच्या पोटात दुसरं बसवत जायचं. वंशावळीला ती मापून शिवल्यासारखी बसली. पण सातव्या पिढीपाशी मेमरी भरायची आणि मशीन ठप्प. तीन वर्षं तिनं वंशावळी तुकड्यातुकड्यानं काढल्या आणि कागद डिंकानं चिकटवले.

ब्याण्णव साली भाषेची नवी आवृत्ती निघाली. विद्यापीठ नामांतराच्या बंदमुळं तिच्या फ्लॉपीचं पाकीट टपालात आठ दिवस अडकलं. आलं तेव्हा तिनं माहितीपत्रक उभ्यानंच वाचलं. वापरून झालेली मेमरी आता आपोआप मोकळी होणार. चूक झाली तर कुठल्या ओळीत, तेही मशीन सांगणार.

फ्लॉपी घातली, तर तिचा एकही जुना प्रोग्राम चालेना. चूक कुठल्या ओळीत, हे मात्र मशीन इमानदारीनं सांगत होतं: चौथ्या, नवव्या, सोळाव्या. दोन दिवसांनी उलगडा झाला. पूर्वी आधी वाणांची यादी आणि मग तिच्यावर चालवायचं फंक्शन लिहायचं. आता आधी फंक्शन, मग यादी. पत्रकाच्या शेवटच्या पानावर तेवढी एक ओळ होती.

विभागप्रमुख दिनकरराव डोकावले. "काय वो बाई, नवीन आलं ना? मग जुनं बी कसं काय बंद पडलं?"

"सर, भाषा सुधारली हाय. माझं लिहिलेलं बिघडलं."

"मग जुनीच चालू द्या की."

"जुनी सातव्या पिढीला मरते, सर!" आपला आवाज चढल्याचं तिचं तिलाच जाणवलं.

जुन्या प्रोग्राममधल्या अशा एकशे बारा जागा तिनं एकेक करून बदलल्या. मधेच लाईट गेली आणि दिवसभराचं काम वाहून गेलं. त्या दिवशी ती स्टेशनावर जाऊन बसली.

नवव्या दिवशी वंशावळ सातवी पिढी ओलांडून थेट बाराव्या पिढीतल्या गावरान ज्वारीपर्यंत पोचली. प्रिंटरमधून एकच अखंड कागद फरशीवर उतरत गेला.

दिनकररावांनी तो उचलून पाहिला. "लय झकास! आता एवढं रजिस्टरात हातानं उतरवून द्या. तपासणीला असला पट्टा चालत न्हाई."

सत्यशीलानं रजिस्टर ओढलं. पेन तिनं इतकं दाबून चालवलं, की खालच्या दोन कोऱ्या पानांवरही अक्षरं उमटली.