सोनेरी लेथ

मुलीच्या प्रवेशासाठी एका नामांकित शाळेत गेलो होतो. शंभर वर्षांपूर्वी ही खासगी शाळा गरिबांच्या पोरांना सुतारकाम, लोहारकाम शिकवायला निघाली होती. आज तिथे हातकाम औषधालाही उरलेलं नाही. उरलंय ते स्वागतकक्षातलं, लोखंड कातायचं एक जुनं लेथ मशीन. नखशिखांत सोनेरी रंग फासलेलं, वर झुंबर आणि पुढे पाटी: ‘हात लावू नये’. कामाची लाज वाटते, पण कामाची शोभा मात्र हवी!

रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या. अंगावर सातपूर एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट. शिफ्ट संपवून थेट आलेल्या. लेथ दिसताच त्यांनी त्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला टेकवला. मशीन सुरू करण्याआधी कामगार करतात, तसा सवयीचा नमस्कार.

“ओ मॅडम, पाटी वाचता येत नाय का?” वॉचमन खेकसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनी मात्र लेथचं चाक धरून जोर लावला. ते तसूभरही हललं नाही. फटीफटीत रंग घट्ट बसला होता.

“वाचली की,” त्या कडाडल्या. “माझ्या आजोबांना याच शाळेनं शिकवलं, हात लावल्याशिवाय काम येत नाय. आन हे मशीन गंजानं नाय मेलं. तुमच्या रंगानं मेलं.”

रांग सोडून त्या तशाच निघून गेल्या. सोनेरी चाकावर त्यांच्या बोटांचे तेलकट, काळे ठसे उठले होते.

वॉचमनने फडकं आणलं आणि ठसे घासून पुसायला लागला.