हौदातले मासे

माझा स्वभाव संशयी आहे हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे इतरांना ती तसदी नको. लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी दिलेला पत्ता मी आधी एकटीने जाऊन बघून आले होते. नवीन पनवेलच्या आमच्या सेक्टरमध्ये दुधात लॅक्टोमीटर बुडवून बघणारी मी एकटीच बाई. नवरा म्हणायचा, हिच्या हातावर देवाने स्वतः प्रसाद ठेवला तरी ही आधी वास घेऊन बघेल. तो चेष्टा करायचा आणि मला ते कौतुक वाटायचं. केमिस्टला संशय शोभतो, असं माझं ठाम मत होतं.

नव्वदच्या आगेमागे मी पाताळगंगेच्या बाजूला रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळत होते. त्याच सुमारास सरकारी नियम कडक झाले आणि प्रत्येक कंपनीला पर्यावरण अधिकारी नावाचं माणूस दाखवणं भाग पडलं. आमच्याकडे ती माळ माझ्या गळ्यात पडली. पगार होता तोच राहिला, टेबल तेवढं मोठं मिळालं. आसपासच्या कंपन्यांतही तीच तऱ्हा. कुठे बॉयलरवरचा माणूस अधिकारी झाला, कुठे स्टोअर्समधला, एके ठिकाणी तर मालकाचा भाचाच, कारण तो घरी नुसता बसून होता.

आम्हा पाच जणांची कारखानदारांच्या संघटनेने एक समिती केली. आम्ही वर्षभर एकमेकांचे कारखाने तपासायचे आणि होळीच्या सुमाराला सगळ्यांत स्वच्छ कारखान्याला एक ढाल द्यायची. ढाल पाळीपाळीने फिरायची हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तपासणीच्या दिवशी यजमान कंपनी बटाटेवडे मागवायची, आम्ही टाक्यांवरून एक फेरी मारायचो आणि वहीत 'समाधानकारक' असं लिहायचो. सगळा 'अहो रूपम् अहो ध्वनिः' असा मामला. मला त्या चौघांपैकी एकाचाही भरवसा नव्हता.

त्यातल्या त्यात शेजारच्या कंपनीचा अधिकारी माझ्या डोळ्यांत खुपायचा. पन्नाशीचा गृहस्थ, बारा महिने सफारी, बोलणं मधात घोळलेलं. त्याच्या कंपनीची हिरवळ ऐन उन्हाळ्यातही हिरवीगार असायची. आमच्या दोन कंपन्यांच्या मधून एक नाला नदीकडे जायचा आणि त्या नाल्याला अधूनमधून सडक्या बदामांसारखा वास यायचा. दर वेळी माझी नजर त्या हिरवळीकडे जायची.

नाल्याच्या खालच्या अंगाला, आपटा गावाच्या अलीकडे, वीस-पंचवीस घरांची एक वाडी होती. आमच्या शुद्धीकरण केंद्राचा, म्हणजे ईटीपीचा, ऑपरेटर त्याच वाडीतला. त्याची जमीन कारखान्यात गेली, बदल्यात त्याला नोकरी मिळाली. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, पण मला मॅडम म्हणायचा. मी त्याला काका म्हणायचे. वाडीला पिण्याची विहीर एकच, तीही नाल्यापासून दहा पावलांवर. वाडीतले लोक तिला बाव म्हणत.

एका दिवाळीच्या आधी वाडीतली एक बाई कारखान्याच्या गेटवर मला विचारत आली. मी तिला चांगली ओळखत होते. ती पनवेलला उरण नाक्यावर मासळी विकायला बसायची आणि मी तिच्या प्रत्येक माशाचे कल्ले उचलून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाही. त्यावरून ती मला चारचौघांत टोमणे मारायची. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरलेला होता. सुनेला दुसरा महिना होता. आधीचं मूल पोटातच गेलं होतं. आणि आता बावीच्या पाण्याला वास येतो असं सून म्हणत होती.

"बाय, तुमी शिकलेल्या हायत," ती म्हणाली. "पानी प्यावं का नको तेवरं सांगा. तुमी सांगाल तसं करू."

मी स्वतः जाऊन विहिरीचं पाणी आणलं, तीन दिवस तपासलं आणि पाणी चांगलं निघालं. वास नाल्यावरून वाऱ्याने येत होता. मी तसा कागद लिहून सही-शिक्क्यासकट तिच्या हातात दिला. तेवढ्यावर थांबले असते तर ही हकीकत लिहायची वेळच आली नसती. पण मला शहाणपणा सुचला. दर महिन्याला पाणी तपासायला मला वेळ कुठला होता? आमच्या ईटीपीतून बाहेर पडणारं पाणी ज्या सिमेंटच्या हौदातून नाल्याकडे जायचं, त्यात आम्ही नुकतेच मासे सोडले होते. तेव्हा बऱ्याच कंपन्यांत ही पद्धत होती. पाहुण्यांना आकडे कळत नाहीत, मासे कळतात. मी तिला म्हटलं, काका रोज हौद बघतात, मासे जिवंत असेपर्यंत वाडीने बिनघोर पाणी प्यावं. मासे मेले तर काका त्याच दिवशी वाडीत सांगतील.

काकांनाही मी उभं करून दम भरला. मासे मरता कामा नयेत. मासे मेले तर सरकार कंपनी बंद करील, आणि मग तुमची आणि वाडीतल्या पोरांची नोकरी गेली असं समजा. काकांनी मान डोलावली.

त्यानंतर चार महिने मी त्या सफारीवाल्याच्या मागे लागले. जेवणाच्या सुट्टीत नाल्यावर जाऊन बाटल्या भरल्या. त्याच्या भिंतीच्या बाजूला कुठे चोरटा पाइप निघतो का ते चिखलात उतरून पाहिलं, त्यात एक चप्पल गमावली. त्याच्या वॉचमनशी गोड बोलून बघितलं. हाती काही लागेना, म्हणून संशय आणखी वाढला. काहीच सापडत नाही म्हणजे माणूस पक्का बेरकी, असा माझा हिशेब. एकदा समितीच्या बैठकीनंतर मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे हौदात मासे का नाहीत? तो हसला. म्हणाला, "मॅडम, मासे ठेवले की ते जगवावे लागतात. मला ते झेपायचं नाही." मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की आज त्याने अर्धा गुन्हा कबूल केला.

रोज सकाळी काका माझ्या टेबलापाशी येऊन सांगायचे, मासे ठीक हायत. मी वहीत लिहायचे, मासे ठीक. सोमवारी सकाळी हौदाच्या कडेला पाणी सांडलेलं असायचं, तेही मी पाहिलं होतं. काकांनी हौद धुतला असेल असं वाटून कौतुकच वाटलं होतं.

त्या वर्षी ढालीची पाळी शेजारच्या कंपनीची होती. माझा तिळपापड झाला. मी बैठकीत सुचवलं की या वेळी नुसतं आपण आपल्याला मिरवू नये, नाल्याकाठच्या लोकांनाही बोलवावं, त्यांना सगळे कारखाने दाखवावेत, आणि ढाल कुणाला द्यायची ते त्यांना विचारावं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. सफारीवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "विचार करा मॅडम." ही धमकी आहे असं मला वाटलं आणि मी ठराव रेटून पास करून घेतला. त्याच्या कंपनीत वाडीच्या बायका नाक मुरडतील आणि माझ्या हौदापाशी येऊन सुखावतील, असं चित्र मी डोळ्यांपुढे रंगवलं होतं.

ठरलेल्या सोमवारी वाडीतली दहा-बारा माणसं आली. मासळीवाली सगळ्यांत पुढे होती. सून सातव्या महिन्यात होती, तिला घरी ठेवून आली होती. पहिला कारखाना आमचाच होता. आमचे जनरल मॅनेजर, समितीचे चौघे, मी आणि काका असे सगळे हौदापाशी उभे राहिलो. मी माझं नेहमीचं भाषण केलं. पाणी कुठून येतं, कुठल्या टाकीत काय होतं, आणि शेवटी हे मासे, ज्यांना खोटं बोलता येत नाही. त्या वाक्यावर पाहुणे नेहमी हसायचे.

मासळीवाली हसली नाही. ती हौदाच्या कठड्यावर ओणवी झाली होती. मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडत-मिटत होते. तिने हात घालून एक मासा सहज उचलला, उलटापालटा केला, त्याचा कल्ला उचलून आत बघितला आणि परत सोडला.

"बाय, ह्ये मासं कदी सोरलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, दिवाळीत.

"ह्ये कालचं हायत," ती म्हणाली. "आमच्या नदीचं हायत. पाच महिन्यांचं असतं तं येवरं झालं असतं." तिने कोपरापर्यंत हात दाखवला.

मी काकांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. आयुष्यभर मी दूधवाल्यावर, वाण्यावर, सफारीवाल्यावर संशय घेतला, आणि माझ्या हौदातले मासे पाच महिने बोटभरच कसे राहिले हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. ते मासे माझे होते ना.

मी सगळ्यांसमोर काकांना विचारलं, मासे बदलता का? ते हो म्हणाले. कधीपासून? पहिल्याच महिन्यापासून. रविवारी कामगार कमी असतात, तेव्हा प्रॉडक्शनवाले रिॲक्टर धुतात आणि ते पाणी टाक्या चुकवून सरळ हौदात सोडतात. सोमवारी सगळे मासे उताणे. काका रविवारी संध्याकाळी नदीतून मासे धरून ठेवायचे आणि मी यायच्या आत हौदात सोडायचे.

"तुमीच म्हनलात मासे मेलं तं कंपनी बंद," ते म्हणाले.

मी विचारलं, मग वाडीत का नाही सांगितलंत? तुमच्या घरी कुठलं पाणी पितात?

"बावीचंच. बावीचा कागद तुमी दिलाय ना चांगली हाय म्हनून. मंग लोकांना कशाला भ्येव घालू?"

मॅनेजरसाहेब चहाला चला म्हणाले. सफारीवाला बुटांकडे बघत उभा होता. माझ्या चिखलातल्या फेऱ्यांत त्याच्याकडचं काही सापडलं नव्हतं, कारण नाल्यातला वास आमचा होता, आणि बहुधा त्याला ते ठाऊक होतं. मासळीवाली जागची हलली नाही. मंग आता बावीचं पानी, एवढंच तिने विचारलं. मॅनेजर माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पुन्हा तपासून सांगेपर्यंत पिऊ नका." माझी नोकरी आता काही खरी नाही असं त्या वेळी वाटलं होतं, तसं काही झालं नाही. त्यांनी माझ्याऐवजी काकांची बदली गोडाऊनवर केली. मी भांडले, पण उपयोग झाला नाही. रविवारचं धुणं मात्र मी बंद पाडलं, त्यासाठी सहा महिने रविवारी स्वतः कामावर गेले.

विहिरीचं पाणी मी दुसऱ्याच दिवशी आणलं. आमच्या प्रयोगशाळेत तपासलं. स्वतःवरचा विश्वास उडाला होता म्हणून मुंबईच्या एका प्रयोगशाळेतही पाठवलं. दोन्हीकडून एकच उत्तर आलं. पाणी चांगलं होतं. विहिरीचे झरे डोंगराच्या अंगाने येत होते, नाल्याचं पाणी तिथवर पोचतच नव्हतं. काका म्हणत होते ते खरं होतं.

दोन्ही कागद घेऊन मी वाडीत गेले. पंधरा दिवस झाले होते. विहिरीवर कुणी नव्हतं, रहाटाला दोर नव्हता. मासळीवाली अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं, मुंबईचा शिक्का दाखवला, म्हटलं, बिनघोर प्या. तिने ऐकून घेतलं. मी शेजारच्या घरातून दोर मागितला, पाणी काढलं आणि तिच्यासमोर तांब्याभर प्यायले.

"प्या," ती म्हणाली. "तुमाला काय, पनवेलात डाक्टर हाय." राग नव्हता तिच्या आवाजात, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

मग मी विचारलं, पाणी आणता कुठून? तिने हाताने रेल्वेच्या रुळांपलीकडे दाखवलं. तिथल्या गावची बाव मैलभर लांब होती. तेवढ्यात तिची सून त्या वाटेने आली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, आठवा महिना लागलेला. उंबऱ्यापाशी येऊन तिने एक हात भिंतीला टेकला आणि दम खात उभी राहिली. मी पुढे होऊन कळशी धरायला गेले तर तिने ती दुसऱ्या बाजूला वळवली.

मी सासूला परत म्हटलं, अहो, ही विहीर तुमच्या दारापासून दहा पावलांवर आहे. पाणी चांगलं आहे. मी लिहून देते.

तिने माझ्या हातातले कागद घेतले, नीट घडी घातली आणि माझ्याच पिशवीत ठेवले.

"आदीचा हाय घरात," ती म्हणाली.