बहिणीचा दगड आणि माझं पत्रक

आमच्या घरात पाटीच्या आधी पत्रकं आली. बाबा रेल्वेत होते आणि संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'साथियों' या शब्दापासून. वाटून उरलेल्या प्रती घरी यायच्या. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर माझी गणितं व्हायची आणि आईच्या सामानाच्या याद्या. बाबांनी मला एकच कारागिरी शिकवली: मथळा एका ओळीत बसला पाहिजे, आणि सायकलवरून जाणाऱ्याला न थांबता वाचता आला पाहिजे.

कॉलेजसाठी मला रायपूरबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत, नव्या रायपुरात जावं लागायचं. तिथले रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जात नाही, आणि बस मात्र कधीतरी येणार. मी त्यावर पत्रक काढलं. महिन्याभरात सकाळची एक बस वाढली. ती माझ्यामुळे वाढली की आपसूक, कोण जाणे; मला तेव्हा शंका नव्हती. जगात जे चुकतं ते कोणीतरी चुकवतं, आणि त्याला जाब विचारता येतो, एवढं माझं सरळ गणित होतं.

माझी धाकटी बहीण तेव्हा अकरावीत होती. तिच्या शाळेला आकाशनिरीक्षणाच्या एका उपक्रमातून मोठ्या दुर्बिणीने काढलेली चित्रं ईमेलवर येऊ लागली. आकाशाच्या एकाच तुकड्याची चार चित्रं, थोड्या थोड्या वेळाने काढलेली. ती संगणकावर एकामागून एक उघडझाप करत पाहायची. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका सरळ रेषेत सरकला, तर तो मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात फिरणारा दगड, म्हणजे लघुग्रह, असू शकतो. त्यावर खूण करायची आणि अहवाल पाठवायचा. शाळेतून आली की दुपारभर ती हेच करायची.

एका दुपारी तिने मला हाक मारली.

"दीदी, देख. ये वाला चल रहा है."

मी बोटाने पडदा पुसला. मला तो धुळीचा कण वाटला होता.

"पुसून काय राहिली? देख ना ठीक से."

मग दिसला. चार चित्रांत चार जागी. बाकीचं सगळं आभाळ गप्प आणि हा एकटाच निघालेला.

अहवालाचं उत्तर आलं: नोंद घेतली आहे, खात्री होईपर्यंत कुठेही जाहीर करू नये. बहिणीने ते सहज वाचून दाखवलं. माझं डोकंच फिरलं. शोधायचं रायपूरच्या पोरीने आणि गप्प बसायचंही तिनेच? 'जाहीर करू नये' हे शब्द आमच्या घरात आजवर फक्त साहेबांच्या तोंडचे म्हणून माहीत होते.

"अभी कुछ पक्का नहीं है, दीदी," ती म्हणाली. "शायद पहले से किसी को मालूम हो."

"तिले विचारल्याबिगर काही छापू नको," बाबा म्हणाले. "काहून घाई करतं?"

मी विचारलं नाही. ती शाळेत असताना गोल बाजाराकडच्या छापखान्यात जाऊन बसले. मजकूर हिंदीत केला. मथळा होता, 'रायपुर की बेटी ने खोजा क्षुद्रग्रह, पुष्टि शेष'. तो एका ओळीत बसेना. छापखानेवाले भैया म्हणाले, टाइप छोटा करू का? छोटा टाइप सायकलवरून दिसत नाही. मी आधी 'पुष्टि शेष', म्हणजे खात्री व्हायची आहे, हे काढलं. मग 'क्षुद्र' काढलं. हिंदीत लघुग्रहाला क्षुद्रग्रह म्हणतात; तो शब्द मला असाही आवडला नव्हता, माझ्या बहिणीच्या कामाला कोण क्षुद्र म्हणतं? 'नया' जोडलं: 'रायपुर की बेटी ने खोजा नया ग्रह'. आता ओळ अशी बसली की मी भैयांना चहा पाजला.

शाळेच्या फाटकावर, शंकर नगरच्या चौकात, भाजीबाजारात मी ते स्वतः वाटलं. बहिणीने संध्याकाळी एक प्रत हातात घेतली. मथळ्यावर बोट ठेवलं.

"ग्रह?" एवढंच म्हणाली.

आठवड्यात आमच्या मराठी मंडळाने तिचा सत्कार ठरवला. नव्या रायपुरातून एक अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते. सत्काराच्या सकाळीच दुसरं उत्तर आलं. तिने खूण केलेला ठिपका नवा नव्हता. पट्ट्यातलाच एक दगडी लघुग्रह, कधीचाच नोंदलेला, क्रमांक मिळालेला.

मला वाटलं ती रडेल. ती उलट त्याची माहिती काढून बसली. म्हणाली, कोळशासारखे काळे असतात तशातला हा नाही, धातूचाही नाही, खराखुरा दगड आहे. त्याच्यावरून परतणाऱ्या उन्हाच्या रंगावरून ते कळतं. सूर्याभोवती एक फेरी करायला त्याला जवळपास चार वर्षं लागतात. "कितना अच्छा है ना?" मग तिला सत्कार आठवला आणि चेहरा उतरला. "दीदी, लोग बोलेंगे मैंने झूठ बोला. मैंने तो बोला ही नहीं था." तिला श्रेय नको होतं. खोटारडी म्हणवून घ्यायचं नव्हतं, बस.

मी धावत मंडळाच्या काकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते खुर्च्या मोजून घेत होते.

"रद्द? अवं, मंडप लागला, शाल-श्रीफळ आलं, साहेब निघाले तिकडून. दगड जुना असो का नवा, पोट्टी तर आपलीच आहे ना?"

"पण चूक माझी आहे, काका. मी चुकीचं छापलं."

"मंग छान छापलं की! हव, जा आता, तिले साडी नेसव."

साहेब तासभर उशिरा आले. छत्तीसगढ का नाम ब्रह्मांड में गूंजा, असं म्हणाले. मग माझ्या बहिणीला माइक दिला. आईच्या साडीत ती भलतीच लहान दिसत होती. तिने स्पष्ट सांगितलं, एक शब्द न खाता: "मैंने कोई ग्रह नहीं खोजा. वो एक पत्थर है, वो पहले से मालूम था. पर्चे में गलत छपा है."

मग टाळ्या. काकांनी माइक घेतला. "पाहा, पाहा! याले म्हणतात विनय! एवढं करून पोट्टी म्हणते मी काहीच केलं नाही!"

टाळ्या आणखी वाढल्या. ती माइककडे पाहत होती, पण तो आता तिच्या हातात नव्हता. मी उभी राहिले. "ती खरं सांगतेय हो!" शेजारच्या काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस न माय. बहिणीचं कौतुक पाहवत नाही काय तुले?"

मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा ज्याच्याकडे बोट दाखवावं असा कोणीच समोर नव्हता. साहेब प्रेमाने हसत होते. काकांचे डोळे भरले होते. बाबा खाली मान घालून टाळ्या वाजवत होते, कारण सगळे वाजवत होते.

पुढच्या आठवड्यात मी खुलासा छापला आणि त्याच चौकात, त्याच फाटकावर वाटला. मथळा होता, 'हमसे गलती हुई'. पानठेल्यावाल्याने प्रत घेतली, बहिणीचं नाव पाहिलं, घडी घालून खिशात ठेवली. "फिर से? बधाई हो दीदी!" भाजीवालीने नुसती हसून कोथिंबिरीची जुडी जास्त टाकली. माझं एक चुकीचं वाक्य लोकांना हवं होतं. बरोबर वाक्याची कोणालाच गरज नव्हती.

त्या सुमारास शाळेने फाटकाशेजारची भिंत रंगवून घेतली. त्यावर निळ्या आभाळात एक भला मोठा पिवळा ग्रह आहे, त्याला कडं आहे, आणि खाली माझ्या बहिणीचं नाव. मी मुख्याध्यापिकांना भेटून ते पुसायची विनंती केली. कडं तरी पुसा, म्हटलं. त्या खिडकीतून भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "पेंटर ने इतना सुंदर बनाया है, रहने दीजिए ना. बच्चे खुश होते हैं."

बहीण घरातून आता पंधरा मिनिटं आधी निघते. एकदा मागोमाग गेले तेव्हा कारण कळलं. शाळेला पूर्ण वळसा घालून ती सायकल स्टँडकडच्या मागच्या दाराने आत जाते.