आईनं कुणाचं नाव घेतलं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. सांगणार तरी काय – की सख्ख्या बहिणीवर मी आयुष्यभर जळत आले?

वसू माझी धाकटी बहीण. नांदेडला असते, चित्रं काढते. मी लातूरला शाळेत शिकवते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला जळकोटहून माझ्याच घरी आणलं. वर्षभर तिचं हगणं-मुतणं मी काढलं, केस मी विंचरले. वसू अधूनमधून यायची, दोन दिवस राहून जायची. आणि आई? पेज भरवताना माझ्या तोंडाकडं बघून म्हणायची, "वसू, आलीस का गं?"

"आई, मी शोभा हाय."

मग ती डोळे मिटून घ्यायची. काय वाटायचं तेव्हा – कसं सांगू? शेवटच्या दिवशीसुद्धा ओठांवर तेच. वसू, वसू.

वसू तेव्हा कुठल्याशा शिबिराला केरळात होती. ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. मी आईच्या चादरींच्या घड्या घालत होते. ती शेजारी येऊन बसली. "तायडे, आई माझ्याबद्दल काही बोलली का गं?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? पण मी मान वर न करता म्हणाले, "न्हाई. तुझं तर नावच काढलं न्हाई तिनं."

ती रडली नाही. आईची जुनी इरकली लुगडी तेवढी मागून घेऊन गेली.

पुढच्या वर्षी नांदेडला तिचं प्रदर्शन भरलं. भिंतभर आया. चेहरे आपल्या घरच्या महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांसारखे – नथ आहे, ठसठशीत कुंकू आहे. तोंड नाही. नाकाखाली नुसता सपाट पितळी रंग. अंग लुगड्याच्या तुकड्यांचं, जाड दोऱ्यानं टाचलेलं. पोटातून ज्वारीची ताटं वर आलेली, कणसांच्या जागी बांगड्या. लोक हलत नव्हते समोरून. एक बाई पदरानं डोळे पुसत होत्या.

ते तोंड मी पुसलं होतं. मला तिथंच कळलं. पण शरम वाटली का? नाही – खरं सांगते, जळफळाट झाला. वर्षभर मी केलं, आणि आई पुन्हा तिचीच झाली. तीही माझ्या खोट्यावर.

गेल्या महिन्यात वसू घरी आली होती. म्हणाली, "आता आईला तोंड काढावं वाटायलंय, पण हात धजत न्हाई. तू होतीस जवळ. शेवटी तिचे ओठ हलत होते का गं?"

कितीतरी वेळ ती माझ्याकडं बघत होती. सांगायला तेवढा वेळ पुरे होता.

"मिटलेले होते," मी म्हणाले.

पहिल्यांदा रागाच्या भरात बोलून गेले असं म्हणता आलं असतं. या वेळी मी विचार करून बोलले.