मालदीवचं स्थळ

हिंदी महासागरातली जितकी बेटं माझ्या मामांनी नाकारली आहेत, तितकी बेटं दुसऱ्या कुणी नुसती पाहिलीसुद्धा नसतील. आणि ही सगळी नकारघंटा येरवड्यातल्या आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरून, गॅलरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून वाजते. समुद्राशी मामांचा संबंध म्हणाल तर खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाण्यापुरता. बोटीत ते जन्मात एकदाच बसले, तेही एका बागेतल्या तळ्यात, आणि पायानं पायडल मारायची ती बोट दोरीनं काठाला बांधलेली आहे हे त्यांच्या लक्षात यायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यातही त्यांना बोट लागली असं आई सांगते. तरीही आज कुणा श्रीमंत कुटुंबाला यॉटवर सुट्टी घालवायची असली आणि मी बेटांची यादी पुढे केली, की खराडीच्या आमच्या ऑफिसातला बॉस पहिला प्रश्न विचारतो, "मामांनी ओके केलं का?"

मामांची नोकरी सरकारी पाणीपुरवठ्यात झाली, पण त्यांचं खरं खातं लग्नांचं. रविवारी विहारातली वंदना आटोपली की बाहेरच्या पत्र्याच्या शेडखाली टेबल मांडायचं, डावीकडे मुलांची हिरवी फाइल, उजवीकडे मुलींची पिवळी, आणि येईल त्याचं लग्न जुळवून द्यायचं, फुकट आणि हौसेनं. त्यांनी छापून घेतलेल्या फॉर्मात पोटजातीचा रकाना मुळात नव्हताच. रंगाचा होता, तो छापखानेवाल्यानं आपल्या मनानं घातलेला. मामांनी सगळ्या पाचशे फॉर्मांवर तो स्वतः शाईनं खोडला. "रंग सांगायचाच असेल तर भिंतीचा सांगा, ओल आहे का ते तरी कळेल," असं ते मुलाच्या बापाला तोंडावर म्हणत. पत्रिका आमच्यात बघत नाहीत, त्यामुळे काम सोपं असेल असं कुणी म्हणालं की मामांना राग येई. "ते ग्रह बघतात, आपण गृह बघायचं. ग्रह पंचांगात बसल्या जागी सापडतात. गृह बघायला पायपीट करावी लागते."

आणि पायपीट म्हणजे कशी! मामा दिलेल्या वेळेच्या तासभर आधी त्या गल्लीत हजर. आधी किराणा दुकानात पाव किलो साखर घ्यायची आणि "समोरचे लोक कसे आहेत हो?" असं सहज विचारायचं. मग न्हाव्याकडे दाढी. घरून दाढी करून निघालेले असले तरी पुन्हा दाढी. त्यानंतर शेजाऱ्याच्या दारात उभं राहून चुकीचा पत्ता विचारायचा. हे सगळं झाल्यावर मुलाच्या घरी जायचं, पोहे यायच्या आधी "बाथरूम कुठंय?" म्हणून उठायचं आणि चांगली पाच मिनिटं आत काढायची. घराची खरी पत्रिका बाथरूममध्ये असते, यावर त्यांची श्रद्धा होती. एका इंजिनिअर मुलाला त्यांनी भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे एवढ्यावरून नापास केलं. मुलाचे वडील अजिजीनं म्हणाले, "अहो, सेल बदलतो लगेच." मामा म्हणाले, "सेल तुम्ही बदलालच. पण इतके दिवस कुणाला खटकलं नाही ना?" चिडलेल्या वडिलांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही, आणि मामांनी त्याचीही नोंद वहीत करून घेतली.

आता मी काय करते ते सांगायला हवं. श्रीमंत लोकांना समुद्रात सुट्टी घालवायची असते; आमची कंपनी त्यांना यॉट, म्हणजे तरंगता बंगलाच म्हणा, भाड्यानं मिळवून देते आणि तो बंगला कुठल्या कुठल्या बेटांना न्यायचा ते ठरवून देते. ऑफिसात याला डेस्टिनेशन म्हणतात. पण टीममध्ये आम्ही तिघी मराठी, त्यामुळे आपापसात आम्ही गमतीनं स्थळच म्हणायचो. नोकरी लागून तेव्हा मला पाच महिने झाले होते, सहाव्या महिन्याच्या शेवटी मला कायम करायचं की नारळ द्यायचा हे ठरणार होतं, आणि पहिल्यांदाच एक मोठं काम एकटीच्या अंगावर आलं होतं. एका संध्याकाळी आईकडे मामा चहाला आलेले असताना मी आतल्या खोलीतून मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. "अगं, मालदीवचं स्थळ दिसायला एक नंबर आहे. सेशेल्सचंही चांगलं आहे, पण लांब पडतं. पार्टी प्रचंड श्रीमंत. आठवड्यात होकार कळवायचाय, माझं सगळं आयुष्य त्यावर आहे!"

बाहेर आले तर मामा नव्हते आणि चहा अर्धा तसाच होता. दहा मिनिटांनी ते परत आले ते चष्मा, वही आणि हिरवी फाइल घेऊन. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मुलगा काय करतो?"

"कुठला मुलगा?"

"मालदीवचा."

मला आधी उलगडाच होईना. मग उलगडा झाला आणि मी हसत सुटले. आईही पदर तोंडाला लावून हसायला लागली. मामा मात्र हसले नाहीत. वही उघडत म्हणाले, "हसण्यावारी नेऊ नकोस, बेटा. या वेळी मी स्वतः जाऊन बघणार. पासपोर्ट काढतो. बोट लागली तर लागली."

"या वेळी" या दोन शब्दांवर माझं हसू थांबलं. कारण मागच्या वेळी मामा गेले नव्हते. माझ्या लग्नाच्या वेळी पुण्याच्या कडेच्या मांजरी गावातलं स्थळ त्यांच्या खात्यातल्या तीस वर्षांच्या मित्रानं आणलं होतं, मित्राचा शब्द म्हणजे घरचाच शब्द, म्हणून मामांनी किराणा, न्हावी, शेजारी सगळ्यांना फाटा दिला. मुलगा देखणा, नोकरी पक्की, फ्लॅट नवा. फक्त राग आला की तो भरलं ताट भिंतीवर भिरकावायचा आणि मग पंधरा-पंधरा दिवस घरात शब्द बोलायचा नाही. शेजाऱ्यांना हे सगळं पाठ होतं. दीड वर्षानं मी परत आले. त्या रविवारपासून मामांनी शेडखालचं टेबल मांडलं नाही. विहारात जात, वंदना करत आणि चपला घालून सरळ घरी येत. मुलामुलींचे आईबाप मागे लागले तर म्हणत, "माझी नजर गेली आता." चार वर्षं फाइल कपाटावर पडून होती, ती आज त्यांनी माझ्यासाठी खाली काढली होती.

बेट म्हणजे बेट, नवरा नव्हे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते थोडे खट्टू झाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "म्हणजे माणसांना अनोळखी ठिकाणी पाठवायचंय आणि तिथं त्यांचं नीट व्हायला पाहिजे. मग निराळं काय आहे त्यात? कोरे फॉर्म आहेत माझ्याकडे."

आणि मामांच्या त्या गॅलरीत हिंदी महासागरातल्या सहा बेटांचे बायोडेटा तयार झाले. उंची या रकान्यात त्यांनी मालदीवच्या बेटापुढे "दीड मीटर, फारच कमी" असं लिहिलं. कुटुंब : "आसपास पुष्कळ भावंडं, येणं-जाणं होडीनं." स्वभाव : "मे ते ऑक्टोबर लहरी." पाण्याच्या बाबतीत तर त्यांच्या अंगात जुनं खातं संचारलं. पिण्याचं पाणी कुठून येतं, टाकी केवढी, साफ कधी करतात, हे विचारायला त्यांनी मला सहाही ठिकाणी फोन करायला लावले. एक बेट केवळ "पाणी बाटलीतलंच असतं मॅडम" या उत्तरावर बाद झालं. दुसऱ्या एकाच्या फोटोत झोपाळ्यावर ओला टॉवेल तसाच पडलेला दिसत होता. "बेटा, हे बेट नको," मामा म्हणाले, "फोटो काढायच्या दिवशी यांना टॉवेल उचलवत नाही." मी मनात म्हटलं, आता नोकरी गेली.

मालदीवचं ते बेट मात्र खरोखर देखणं होतं. पांढरी वाळू, काचेसारखं पाणी, पाण्यात खांबांवर उभ्या झोपड्या. गिऱ्हाइकाला त्याचेच फोटो आवडले होते. गिऱ्हाईक म्हणजे पुण्यातलं कापडाच्या बड्या व्यापाऱ्यांचं अकरा माणसांचं कुटुंब, आणि सहलीचं निमित्त आजींचं ऐंशीवं वर्ष. मामांनी सगळे फोटो दोनदा पाहिले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिले आणि म्हणाले, "यात म्हातारं माणूस एकही नाही. ज्या घरात म्हातारं माणूस दिसत नाही, तिथं एक तर जिना चढा असतो नाही तर माया कमी असते. गाडी दारापर्यंत जाते का, विचार."

मी बेटावर फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ॲब्सोल्यूटली मॅडम, नो इश्यू." मामांनी मान हलवली. "स्थळवाल्यांना काय विचारतेस? शेजारच्या बेटावर लाव."

शेजारच्या बेटावर एक लहानसं गेस्ट हाउस होतं. फोन तिथल्या केरळी इलेक्ट्रिशियननं उचलला. वायर जोडत असावा, पण माणूस बोलका होता. म्हणाला, "उधर बड़ा बोट अंदर नहीं आता मॅडम, पानी कम है. दूर खड़ा रहता है. सीढ़ी से छोटा बोट में उतरने का. लहर आया तो कूदने का." मी स्पीकर चालू ठेवला होता. मामांनी वहीत लिहिलं : जिना आहे.

दुसऱ्या दिवशी मी बॉसला सांगितलं. तो वैतागला. "यार, क्लायंटला फोटो आवडलेत, डील डन आहे. तू कशाला उगाच इश्यू करतेयस? तुझं कन्फर्मेशन आहे ना या महिन्यात?" होतं ना, आणि त्याचीच धास्ती होती. पण मला मांजरीचा फ्लॅट आठवला. तोही फोटोत फार सुंदर दिसायचा. मी त्या कुटुंबाच्या घरी गेले आणि सगळ्यांसमोर आजींना विचारलं, "आजी, आपल्याला शिडी उतरता येते का?" सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. आजी गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तर बोटीतच बसून राहायचं ठरवलं होतं. मुलांचा विरस कशाला करा?"

मग त्या सहांतलं मामांनी पास केलेलं बेट ठरलं. दिसायला चारचौघांसारखं, वाळू जराशी मळकट, पण सिमेंटचा धक्का असा की यॉट थेट त्याला लागते आणि फळीवरून चालत उतरता येतं. फोटो बघून धाकट्या सुनेनं नाक मुरडलं. बॉस म्हणाला, "तुझ्या रिस्कवर हं." सहल सात दिवसांची होती. ते सात दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मामा रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन खालून हाक मारायचे, "काही कळलं?" लग्न लावून दिलेल्या मुलीची आठव्या दिवशी खुशाली विचारायची त्यांची पद्धत होती, पण इथं त्यांना आठ दिवस धीर निघेना.

आठव्या दिवशी आजींचाच फोन आला. "वाळूत चालले गं मी. काठी होती, पण स्वतःच्या पायांनी चालले. समुद्रात उभी राहिले, तर नातवंडं ओरडायला लागली, मागे या मागे या! मी कशाला मागे येते?" आणि त्या इतक्या हसल्या की मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. सोमवारी बॉसनं मला कायम केल्याचं पत्र हातात दिलं. पत्र घेऊन मी तडक मामांकडे गेले.

मामा गॅलरीत पेपर वाचत होते. मी पत्र पुढे केलं. ते त्यांनी वरपासून खालपर्यंत, शिक्क्यासकट वाचलं, घडी घालून परत दिलं आणि विचारलं, "आजी नीट परत आल्या ना?"

"आल्या."

थोड्या वेळानं पुन्हा, "पाय वगैरे नाही ना मुरगळला? नीट आल्या ना?"

"नीट आल्या, मामा."

ते माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तुझ्या वेळी मी शेजाऱ्यांकडे गेलो नाही. नुसती साखर घ्यायला गेलो असतो तरी कळलं असतं."

चार वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलत होते. आणि मला त्या सकाळची आठवण झाली. मी सासरहून कुणालाही न सांगता फक्त मामांना फोन केला होता, एवढंच म्हटलं होतं की मला यायचंय. तासाभरात ते मांजरीला दारात उभे होते, ओळखीच्या माणसाचा टेम्पो घेऊन. काय झालं, का झालं, लोक काय म्हणतील, काही विचारलं नाही. माझी पुस्तकांची खोकी त्यांनी स्वतः तीन मजले खाली वाहून नेली. वाटेत टेम्पो थांबवून मला वडापाव घेऊन दिला आणि माझा संपेपर्यंत आपला हातात तसाच धरून बसले. त्याबद्दल मी त्यांना कधी एक शब्द बोलले नव्हते. आपल्या माणसांचे आभार मानायचे नसतात असं आपण म्हणतो, आणि त्या सबबीखाली मी चार वर्षं गप्प राहिले होते.

"मामा," मी म्हटलं, "मीही नीटच परत आले की. न्यायला तुम्ही आला होतात म्हणून."

त्यांनी पेपरची घडी केली, ती उलगडली, पुन्हा केली. मग म्हणाले, "बरं."

येरवड्यात काय किंवा सदाशिव पेठेत काय, पुण्याच्या माणसाकडून याहून जास्त ऐकायची अपेक्षा करू नये, आणि मला याहून जास्त ऐकायचंही नव्हतं. मामा उठले, "चष्मा पुसायचं फडकं कुठं गेलं बघतो," असं म्हणत आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.